रंग वगळल्यानंतरचे निर्णय

यंदाच्या छायाचित्रकार संमेलनासाठी स्वागत समितीने कृष्णधवल निसर्गचित्रण हा विषय ठरवला, तेव्हा साहजिकच विचारणा झाली, की खिशातला फोनही उत्तम रंग टिपत असताना हा विषय आज कशासाठी? समितीच्या वतीने त्याचे उत्तर द्यायचे तर मी असे म्हणेन, की छायाचित्रकाराची ओळख पटवणारी शैली छटांविषयी वारंवार घेतलेल्या निर्णयांतून घडते, आणि रंग बाजूला ठेवला की हे निर्णय टाळायला जागाच उरत नाही.

गुलमोहराची लाल फुले आणि हिरवी पाने डोळ्यांना सहज वेगळी दिसतात. कृष्णधवल चित्रात मात्र दोन्हींचा करडा जवळजवळ एकच होऊ शकतो. फुले उजळ हवीत तर लाल फिल्टर, पाने उजळ हवीत तर हिरवा. निवड छायाचित्रकारालाच करावी लागते. अमेरिकेतील योसेमिटी खोऱ्यात १० एप्रिल १९२७ रोजी छायाचित्रकार अँसेल अ‍ॅडम्स 'हाफ डोम' या प्रचंड ग्रॅनाइटच्या कड्यासमोर उभे होते. पिवळा फिल्टर लावून त्यांनी एक काचेची प्लेट वापरली. पण त्या चित्रात आपल्याला जाणवणारे कड्याचे दडपण उतरणार नाही हे त्यांच्या लक्षात आले, आणि उरलेली शेवटची प्लेट त्यांनी गडद लाल फिल्टर लावून घेतली. लाल काच निळा प्रकाश अडवते, म्हणून आकाश जवळपास काळे झाले आणि कडा त्यातून पुढे झेपावला. त्या दिवशीचे आकाश काही काळे नव्हते. तरी त्या चित्राला खोटे म्हणणे मला पटत नाही, कारण कड्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला जे जाणवले त्याची ती नेमकी नोंद आहे.

निर्णय कॅमेऱ्यापाशी संपतही नाहीत. १ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेला चंद्र अ‍ॅडम्स यांनी टिपला. त्या एकाच निगेटिव्हवरून त्यांनी पुढची कित्येक दशके प्रिंट काढले. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये वरच्या आकाशात ढगांचे फिकट पट्टे दिसतात. नंतरच्या प्रिंटमध्ये ते आकाश गडद होत जवळपास काळे झालेले आहे. अ‍ॅडम्स तरुणपणी पियानोवादक होण्याची तयारी करत होते, आणि निगेटिव्हला ते स्वरलिपीच्या जागी मानत, प्रिंटला वादनाच्या. आपण बंदिश आणि गायन म्हणू. बंदिश तीच, पण गवय्याचे वय वाढते तशी मांडणी बदलते, आणि तरीही आवाज त्याचाच राहतो. शैली म्हणजे एकदा सापडलेला साचा, पुढे त्याचाच तुरुंग होतो, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

आता दोन टोके शेजारीशेजारी ठेवून पाहा. इटलीतील सेनिगालियाचे मारिओ जाकोमेल्ली पेशाने मुद्रक होते. मार्के प्रांतातील नांगरलेली शेते त्यांनी इतक्या तीव्र कॉन्ट्रास्टमध्ये छापली, की मधले करडे जवळजवळ नाहीसे झाले आणि जमीन कोरून काढल्यासारखी दिसू लागली. इंग्लंडमध्ये जन्मलेले मायकेल केना यांनी जपानमधील होक्काइदोच्या बर्फात नेमके उलटे केले. त्यांनी दीर्घ एक्स्पोजर दिले, कधी कधी तर काही तासांचे, चौरस चौकट घेतली, आणि प्रिंट ठेवले जेमतेम वीतभर, म्हणजे पाहणाऱ्याला जवळ यावेच लागते. झाड आणि शेत दोघांच्याही चित्रांत आहे. पण नावाची पट्टी झाकली तरी कोणते चित्र कोणाचे हे ओळखता येते, आणि ते ओळखू येते कशाला काळे होऊ दिले आणि कशाला वाचवले यावरून.

कृष्णधवलावरचा सर्वांत वजनदार आक्षेप आपल्याच देशातला आहे. छायाचित्रकार रघुबीर सिंह यांनी आग्रहाने मांडले, की भारतीय दृष्टी रंगातूनच पाहते आणि कृष्णधवल ही पश्चिमेची मनोवृत्ती आहे. त्यांची चित्रे पाहिल्यावर हे म्हणणे झटकून टाकता येत नाही. रस्ता, सण आणि माणसांची गर्दी यांबाबत ते मला बरेचसे मान्यही आहे. पण सह्याद्रीचा विचार करा. लाव्हाचे आडवे थर एकावर एक बसून हे कडे झाले आहेत. त्यांचे वैशिष्ट्य थरांच्या पायऱ्यांत, ओल्या बेसॉल्टच्या चकाकीत आणि घळीत साचलेल्या ढगात आहे. पावसाळ्यातल्या रंगीत चित्रात हिरवाई एवढी पुढे येते, की कड्याची ही ठेवण तिच्याखाली हरवते. हिरवा करड्यात उतरला की थर पुन्हा मोजता येतात. आपल्या भूमीचे हे वाचन पश्चिमेकडून उसने घ्यावे लागत नाही. आणि संगणकावर एक कळ दाबून रंग काढता येतो, मग त्यात कौशल्य ते काय, असे म्हणणाऱ्यांना इतकेच सांगेन, की त्या कळीमागचा निर्णय दुसऱ्या कोणीतरी, सरासरी चित्रासाठी घेतलेला असतो. म्हणूनच तसे केलेली शंभर चित्रे एकाच हातची वाटतात.

शेजारच्या दालनातील प्रदर्शनात समितीने म्हणूनच एक वेगळी व्यवस्था केली आहे. प्रत्येक सहभागी छायाचित्रकाराचे पाच प्रिंट वेगवेगळ्या भिंतींवर, नाव न देता लावलेले आहेत. कोणते पाच एका हातचे, हे आपण आधी ठरवावे. नावांची यादी उद्या दुपारच्या चर्चासत्रात वाचली जाईल, आणि ज्यांचे प्रिंट कोणालाच जुळवता आले नाहीत त्यांच्या कामावर सर्वांत जास्त वेळ बोलायचे असे ठरले आहे. दालन आतापासून खुले आहे.