जुन्या मोटारींच्या गप्पा

मोटार हे एक वाहन होय, ही व्याख्या शाळेतल्या पुस्तकापुरती ठीक आहे. जुन्या मोटारींचे जे खरे भक्त, त्यांना ती मुळीच मान्य नाही. त्यांच्या लेखी मोटार हा प्रथम बोलण्याचा विषय. ती चालते, हा तिचा अवांतर गुण. मुंबईत रविवारी पहाटे, रस्त्यांवर गर्दी लोटण्यापूर्वी, एखाद्या चहाच्या दुकानासमोर तीनचार जुन्या फियाट येऊन उभ्या राहतात, त्यांची बॉनेटे उघडली जातात, आणि मग जे संभाषण सुरू होते त्यात कोणी कोणाच्या मुलाबाळांची चौकशी करीत नाही. प्रकृती विचारली जाते ती गॅस्केटची.

वाद बहुधा नावापासून आरंभतो. १९५४ च्या सुमारास जी फियाट ११०० या देशात आली, तिला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव ठेवले. तिचा बुटका, फुगीर आकार पाहिला म्हणजे नामकरणाचे कारण विचारावे लागत नाही. तिचे पुढले दरवाजे उलट्या बाजूने, म्हणजे मागल्या कडेवर, उघडत. १९६४ साली ‘डिलाइट’ आली. सत्तरच्या दशकात तीच प्रथम ‘प्रेसिडेंट’ व नंतर ‘पद्मिनी’ झाली. अंगावरील वस्त्रे बदलली, तरी इंजिनाचे माप १०८९ घनसेंटिमीटर हेच राहिले. नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत ही गाडी निघत होती. दोन पिढ्यांनी एकच इंजिन उघडावे आणि तेच बोल्ट तेथेच सापडावेत, हे भाग्य फार थोड्या यंत्रांना लाभते.

हा कारखाना कुर्ल्याचा. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. म्हणून या मंडळींच्या तोंडी फियाट हे नाव इटलीचे असले, तरी अभिमान असतो तो कुर्ल्याचा.

पण गप्पांचा ओघ नेहमीच असा प्रसन्न नसतो. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे, आणि तीनुसार ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी त्या दिवशी हळवे लेख लिहिले. मिस्त्री लोकांनी मात्र दुसराच हिशेब केला. हजारो टॅक्सी धावत होत्या, तोवर त्यांच्यासाठी सुटे भाग खपत होते, आणि म्हणून हौशी माणसालाही ते मिळत होते. गिऱ्हाइकच उरले नाही, तर दुकानदाराने माल ठेवावा कोणासाठी? आता एका दरवाजाच्या मुठीसाठी कुर्ल्याचा भंगारबाजार पालथा घालावा लागतो.

अशाच एका बैठकीत एका तरुणाने आपली अडचण मांडली. त्याच्या वडिलांनी काही वर्षे वाट पाहून १९६८ मध्ये डिलाइट घेतली. पुढे पेट्रोल परवडेना, तेव्हा तीत डिझेल इंजिन बसवले. मूळ इंजिन जिन्याखाली पोत्यात गुंडाळून ठेवलेले आहे. वडील गेले. गाडी घरातच आहे, आणि दर चतुर्थीला ती आईला घेऊन देवळात जाते.

“तिला व्हिंटेजचा नंबर घ्यावा म्हणतो,” तो म्हणाला.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जे नियम केले, ते या मंडळींना मुखोद्गत असतात. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी. मूळ रूपात, म्हणजे सांगाडा, अंग वा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली हवी. नोंदणीचे वीस हजार रुपये. मुदत दहा वर्षे. नव्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे.

“मग आधी ते डिझेल उतरवा,” काका म्हणाले. हे काका मूळ रंगाच्या छटेवरून स्नेह तोडणाऱ्यांपैकी होत. “त्यावाचून तुमच्या गाडीला जुनी म्हणता येईल, अस्सल नाही.”

“इंजिन बसवतो मी,” मिस्त्री म्हणाले. “पण पेट्रोलात आता वीस टक्के इथेनॉल आहे. जुन्या रबराला ते सोसत नाही. नळ्या बदला, पंपाचा पडदा बदला. नाहीतर भर रस्त्यात पेट्रोल गळेल.”

“बदलू की. पण काका, तो नंबर घेतल्यावर आईला देवळात नेता येईल ना?”

काकांनी उत्तरापूर्वी चहा संपवला. त्या नंबराची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, शर्यतीवजा मेळावे, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढ्यासाठीच तिला बाहेर पडण्याची मुभा.

“देऊळ त्यात नाही,” ते म्हणाले.

येथे गप्पांतला खेळकरपणा मावळला. सन्मान हवा तर गाडीने सेवानिवृत्त व्हावे, आणि सेवा हवी तर दर पाच वर्षांनी सामान्य गाडीप्रमाणे तपासणीच्या रांगेत उभे राहावे, असा हा पेच आहे. सरकारचे म्हणणे अगदीच गैर नाही. पन्नास वर्षांची गाडी धूर ओकते आणि तिचे ब्रेक आजच्या वेगासाठी घडलेले नाहीत. तथापि जी माणसे गाडी वापरतात, त्यांच्याच हाती ती टिकते, हेही खोटे नाही. बंद खोलीत उभ्या राहिलेल्या मोटारीची रबरे सुकतात, टाकीला गंज चढतो.

“वडिलांनी गाडी कशाला घेतली होती?” मिस्त्रींनी विचारले.

“फिरायला.”

“झालं तर. इंजिन मी दिवाळीपूर्वी बसवून देतो. नंबराचं राहू द्या. आई आहेत तोवर गाडी देवळात जाऊ दे.”

काकांना हे पटले नाही. पुढच्या वर्षी नियम कडक झाले म्हणजे पस्तावाल, असे त्यांनी बजावले. तरुणाने होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. त्याने खिशातून कागद काढून नळ्यांची मापे लिहून घेतली. तेवढ्यात शेजारच्या फियाटच्या मालकाने चोक ओढून गाडी सुरू केली, आणि तीन प्लग नीट आहेत, चौथा चुकतो आहे, यावर साऱ्यांचे तत्काळ एकमत झाले. तो चौथा कोणता, यावर मात्र नाही.