बाळ गप्प झाले तर वाट पाहू नका

(वार्षिक सभेच्या प्रसंगी बालरोग विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा प्रसंगी वर्षभराच्या कामाचा हिशेब मांडण्याची प्रथा आहे. तो हिशेब अहवालात अन्यत्र दिलेला आहे. आज आम्ही मुख्यतः आई-वडिलांशी बोलणार आहोत. आजारी बालकाकडे पहिले लक्ष घरच्यांचेच जाते आणि घरच्यांनी पाऊल उचलल्याशिवाय आमच्या हाती काहीही नसते.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकुरवाडी हे नाव एकाच ठिकाणाचे नाही. डोंगराच्या उतारावर, पठारावर, धरणाच्या काठी जेथे जेथे ठाकूर समाजाची घरे आहेत, तेथे तेथे हे नाव ऐकू येते. बोरघाट चढणारी रेल्वेसुद्धा ठाकुरवाडी याच नावाच्या केबिनवरून जाते. गाडीतील प्रवाशाच्या दृष्टीने ते दोन बोगद्यांमधील क्षणभराचे दृश्य असते. डोंगरावरच्या वाडीत राहणाऱ्याला मात्र दवाखान्याचे अंतर मिनिटांत मोजता येत नाही. ते पावसावर, ओढ्याच्या पाण्यावर आणि झोळीला खांदा देणारी माणसे त्या दिवशी घरी आहेत की नाहीत यावर ठरते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा त्या ठाकूर वस्तीपर्यंत वाहनाचा रस्ता नव्हता. मदतीला धावलेल्यांना भर पावसात, अंधारात पायी डोंगर चढावा लागला. ती वाट त्या वेळी साऱ्या देशाने पाहिली. अशाच वाटांनी तापाने फणफणलेले मूल घेऊन उतरणारी आई मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

बालसंगोपनावरील बहुतेक पुस्तके दहा मिनिटांवर डॉक्टर असलेल्या घरांसाठी लिहिलेली असतात. त्यांतील ‘थोडा वेळ वाट पाहा’ हा सल्ला त्या घरांना लागू पडतो. परंतु ज्याची वाट दोन तासांची आहे, त्याने दोन तास आधी निघाले पाहिजे. आणि आधी निघायचे तर धोक्याची लक्षणेही आधी ओळखता आली पाहिजेत. आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे.

आमच्या विभागातील एक प्रसंग सांगतो. तो सांगताना आम्हांस संकोच वाटतो, पण तो झाकून ठेवणे योग्य नव्हे. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका वाडीतून १९ दिवसांचे बाळ आमच्याकडे आणण्यात आले. आदल्या दिवशी संध्याकाळपासून ते अंगावर पीत नव्हते. रात्रभर पाऊस कोसळत होता, म्हणून घरच्यांनी उजाडण्याची वाट पाहिली. आई म्हणाली, “रात्री रडलं नाही बाई. मला वाटलं, शांत झोपलंय.” बाळाचे अंग गार पडले होते. जंतुसंसर्ग रक्तात भिनला होता. आम्ही शर्थ केली. पण दुपारपर्यंत ते गेले.

त्या आईचा काय दोष होता? प्रसूतीनंतर घरी जाताना आम्ही तिच्या हाती धोक्याच्या लक्षणांचा छापील कागद दिला होता. तो तिने जपून ठेवला होता. तिला वाचता येत नव्हते, आणि हे आम्ही तिला विचारलेच नव्हते. चूक आमची होती. तेव्हापासून आमच्या विभागात एक नियम पाळला जातो. घरी जाण्यापूर्वी आईने आणि तिच्याबरोबर आलेल्या सासूने किंवा नवऱ्याने ती लक्षणे आपल्या शब्दांत आम्हांला सांगावयाची. त्यांनी सांगितल्याखेरीज घरी जाण्याचा कागद हाती दिला जात नाही.

ती लक्षणे आज पुन्हा सांगतो. दोन महिन्यांच्या आतील बाळ अंगावर पिणे सोडून देते किंवा फार कमी पिते. हलविल्याशिवाय हातपाय हलवीत नाही. त्याला झटका येतो. अंग तापते किंवा गार पडते. छाती आत ओढली जाते. तळहात आणि तळपाय पिवळे दिसतात. बेंबीतून पू येतो किंवा तिच्याभोवतीची कातडी लाल होते. यांपैकी एकही लक्षण दिसले तर उजाडण्याची वाट पाहू नका. रडणाऱ्या बाळापेक्षा जे बाळ रडेनासे होते, दूध मागेनासे होते, त्याची चिंता अधिक करा. मोठे मूल आजारी पडले की कण्हते, सांगते. तान्हे बाळ आजारी पडले की गप्प होते.

ही लक्षणे ओळखण्यासाठी डॉक्टरच लागतो असे नाही, हे आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध झालेले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये ही पद्धत देशभर आशाताईंच्या कामाचा भाग झाली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी यावयाचे असते. घरी जन्मलेल्या बाळाकडे पहिल्या दिवशीही. हा तुमचा हक्क आहे. ताई आली की बाळाचे वजन करून घ्या, आणि एखाद्या दिवशी ती आली नाही तर निरोप धाडा.

नवजात बाळाला ऊब आणि आईचे दूध या दोन गोष्टी सर्वांत आधी लागतात. जन्मल्याबरोबर आंघोळ घालू नका. कोरडे पुसून आईच्या उघड्या छातीशी ठेवा. पहिल्या तासात अंगावर पाजा. पहिले पिवळसर, घट्ट दूध ‘जड’ म्हणून पिळून टाकण्याची चाल अजूनही काही घरांत आहे. त्या दुधात रोगांशी झुंजण्याची शक्ती असते. मध, गुळाचे पाणी, गुटी यांपैकी काहीही देऊ नका. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाण्याचीही आवश्यकता नसते, भर उन्हाळ्यातही नसते. बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे असेल तर त्याला आईच्या कातडीशी लावून वरून पांघरूण घालावे. आई दमली असेल तर वडिलांनी किंवा आजीने तसेच धरावे. बाळाच्या पायाला आणि पोटाला हात लावून पाहावा. पाय गार आणि पोट गरम असेल तर ऊब वाढवावी. दोन्ही गार असतील तर बाळाला तसेच छातीशी धरून निघावे.

सहा महिने पूर्ण झाले की अन्न सुरू करावे. त्यासाठी डब्यातील महागडी पावडर लागत नाही. नाचणीचे सत्त्व, मऊ भात आणि त्यात कुस्करलेली डाळ, वर चमचाभर तेल, उकडलेले अंडे, धुऊन बारीक केलेली सुकट, हे सारे आपल्या घरात किंवा बाजारात मिळते. पातळ पेजेने पोट भरते, पण वजन वाढत नाही. बाळाचे जेवण चमच्यावरून ओघळणार नाही इतके दाट असावे. वर्षाच्या मुलाला दिवसातून तीन-चार वेळा खाऊ घालावे आणि त्याचे ताट वेगळे असावे. भावंडांच्या ताटात त्याच्या वाट्याला किती येते, हे कोणाच्याच लक्षात येत नाही. भातलावणीच्या दिवसांत आई शेतावर आणि मूल थोरल्या बहिणीकडे असते. वजन उतरते ते याच दिवसांत, म्हणून त्या काळात अंगणवाडीतील वजन चुकवू नका.

पावसाळ्यातील दोन आजारांविषयी सांगतो. पहिला न्यूमोनिया. तो ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही. बाळ शांत असताना त्याचा सदरा वर करून, मोबाईलमधील घड्याळ लावून, पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक श्वास झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत खेचली जात असेल, तर मोजत बसू नये, निघावे.

दुसरा आजार जुलाबाचा. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धातील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून देण्याचे सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनीच ते पेल्यापेल्याने पाजले. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. वाचविणारे हात घरच्यांचेच होते. ओआरएसचे एक मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवावे आणि २४ तासांत संपवावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा असावा. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांच्या आतील मुलास पाव ते अर्धा कप, मोठ्यास अर्धा ते एक कप, घोट घोट पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नये. डॉक्टरांनी दिलेल्या झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्याव्यात. डोळे खोल गेले, मूल सुस्त झाले, पाणीही पिईना किंवा शौचात रक्त दिसले, तर वाटेत पाणी पाजीत पाजीत निघावे.

आपल्या भागात विंचवाचेही भय आहे. तांबडा विंचू चावल्यावर मुलाला दरदरून घाम आला, उलटी झाली, लाळ गळू लागली, हातपाय गार पडले, तर विष हृदयापर्यंत पोहोचले असे समजावे. आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांवर प्राझोसीन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि मरणारी मुले वाचू लागली. हे औषध साधे आणि स्वस्त आहे. पण ते वेळेत पोटात गेले पाहिजे.

येथे भगतांविषयी एक शब्द. आम्ही त्यांच्याशी भांडू इच्छित नाही. वाडीचा त्यांच्यावर विश्वास आहे आणि अडीअडचणीला मध्यरात्री तेच उपलब्ध असतात. आमची त्यांना हात जोडून विनंती आहे की आताच सांगितलेली लक्षणे दिसली, तर अंगारा लावा, पण बाळाला थांबवून ठेवू नका. “दवाखान्यात न्या” हा शब्द तुमच्या तोंडून निघाला तर घरचे तत्काळ उठतात. आमच्या दहा शब्दांना ते वजन नाही.

पावसाळा लागण्यापूर्वी प्रत्येक घराने चार गोष्टी ठरवून ठेवाव्यात. झोळीला खांदा कोण देणार? घरातील इतर मुलांना कोण सांभाळणार? ओढा भरला तर वाट कोणती? आणि १०८ क्रमांकाला फोन लावण्यासाठी मोबाईलला आवाज कोठे मिळतो? गाडी वाडीपर्यंत येत नसेल तर ती कोणत्या ठिकाणी उभी राहील, हे फोनवरच सांगावे. एक वर्षापर्यंतच्या आजारी बालकावर सरकारी रुग्णालयात मोफत उपचार आणि वाहतूक मिळण्याची तरतूद आहे. पैशांची जुळवाजुळव करण्यात रात्र घालवू नका.

शेवटी देणगीदारांसाठी. आपल्या दानातून विभागात उपकरणे आली, खाटा आल्या, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु जे बाळ दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाही, त्याला खाटेचा उपयोग नाही. म्हणून यापुढील दानाचा काही भाग वाडीवरच्या बैठकांसाठी, वजनकाट्यांसाठी आणि घरी गेलेल्या मातेकडे पुन्हा जाऊन येणाऱ्या परिचारिकेच्या पायपिटीसाठी राखावा, अशी आमची नम्र सूचना आहे. अशा खर्चाच्या भिंतीवर आपल्या नावाची पाटी लावता येणार नाही, हे आम्ही जाणतो.

त्या १९ दिवसांच्या बाळाची आई दोन वर्षांनी पुन्हा आमच्याकडे बाळंत झाली. घरी निघताना आम्ही तिला नियमाप्रमाणे लक्षणे विचारली. तिने सगळी सांगितली. मग शेजारच्या खाटेवरील पहिलटकरणीकडे वळून ती म्हणाली, “गप्प झालं तर निघायचं. पाऊस असला तरी निघायचं.” आम्ही आज जे सांगितले, ते तिने याहून कमी शब्दांत सांगितले होते. येथून परत गेल्यावर आपण प्रत्येकाने ते आपल्या वाडीतील एका तरी घरी सांगावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.