पोटातले दुखणे पोटात ठेवू नका
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला आतड्याच्या तपासणीबद्दल बोलायला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण गेल्या वर्षी माझ्या पुतणीच्या दुखण्यात दवाखान्यात तिच्या सोबतीला मीच होते. डॉक्टरांना विचारून विचारून जे समजले ते सांगते. विषय शौचाचा आहे, म्हणून नाकाला पदर लावू नका.

मुरडा आपल्या घरात कोणाला होत नाही? ताक, बेलाचा मुरंबा, चार दिवस मऊ भात, की माणूस उठून बसते. पण जुलाब चार आठवड्यांवर चालले, आव-रक्त पडू लागले, रात्री झोपेतून उठावे लागले, वजन उतरले, तर तो साधा मुरडा नव्हे. रक्त दिसले की आपण बायका 'मूळव्याध असेल' म्हणून गप्प बसतो. ते बरे नाही.

आतड्याला आतून कायमची सूज येते, असे दोन मुख्य आजार आहेत. एक अल्सरेटिव्ह कोलायटिस. तो शौचाच्या जागेपासून सुरू होऊन मोठ्या आतड्यात सलग वर चढतो. दुसरा क्रोन्सचा आजार. न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली त्याचे वर्णन केले, म्हणून हे नाव. तो तोंडापासून शौचाच्या जागेपर्यंत कोठेही, मध्ये मध्ये जागा सोडून होतो व खोल जातो. दोन्ही आजार संसर्गाचे नाहीत. ताटवाटी वेगळी करू नये.

प्रथम रक्त व शौच तपासून जंतूंचा मुरडा आहे का ते पाहतात. मग कोलोनोस्कोपी. आदल्या दिवशी डाळीचे गाळलेले पाणी, शहाळे, लिंबाचे सरबत एवढेच घ्यायचे. लाल रंगाचे सरबत नको, ते आत रक्तासारखे दिसते. पाण्यात कालवलेले जुलाबाचे औषध दोन ते चार लिटर प्यावे लागते. पुतणी त्याला फार कंटाळली. पण खरकट्या पातेल्याला चीर गेली आहे का, हे घासल्याशिवाय कळते का? आतड्याचेही तसेच. मधुमेहाची, रक्त पातळ करण्याची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे.

गुंगीचे इंजेक्शन देऊन बोटाएवढ्या जाडीची लवचिक दुर्बीण आत घालतात. काम साधारण अर्ध्या तासाचे. आतडे फाटण्याचा किंवा रक्तस्रावाचा धोका असतो, पण क्वचित. त्या दिवशी घरी न्यायला कोणी तरी सोबत हवेच.

त्याच वेळी बारीक चिमट्याने आतड्याच्या अस्तराचे तांदळाच्या कणीएवढे तुकडे काढतात. हीच बायॉप्सी. हा शब्द ऐकताच माझ्या जाऊबाई रडू लागल्या. त्यांना वाटले, कर्करोगच! तसे नाही. बायॉप्सी म्हणजे तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. तुकडा काढताना दुखत नाही. जेथे आतडे चांगले दिसते तेथलाही तुकडा घेतात, कारण डोळ्यांना न दिसणारी सूज तेथे असू शकते.

आता सर्वांत महत्त्वाचे. पुतणीला लहान व मोठे आतडे जेथे जुळते तेथे जखमा दिसल्या. डॉक्टर म्हणाले, "क्रोन्स असेल किंवा आतड्याचा क्षय असेल. नुसते पाहून सांगता येणार नाही." आपल्या देशात क्षय पुष्कळ, आणि दोन्हींच्या जखमा सारख्याच दिसतात. क्रोन्सवरच्या काही औषधांनी शरीराची प्रतिकारशक्ती कमी होते. आजार क्षयाचा असताना ती दिली तर क्षय पसरतो. उलट क्षयाच्या औषधांनी क्रोन्स बरा होत नाही, आणि तेवढ्या दिवसांत आतडे अरुंद होत जाते. म्हणून तुकड्यांची क्षयासाठीही वेगळी तपासणी करतात. तिचा एक निकाल यायला काही आठवडे लागतात. तरीही निवाडा झाला नाही, तर कधी आधी क्षयाचे औषध देऊन दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहतात. दुर्बीण लहान आतड्याच्या टोकापर्यंतच पोचते, म्हणून पुढचे पाहायला स्कॅनही करतात.

पुतणीला क्षय नव्हता, क्रोन्सच निघाला. आजार मुळापासून जात नाही, पण औषधाने काबूत राहतो. आज ती कामावर जाते, आमच्या पंक्तीला जेवते. बरे वाटले म्हणून औषध सोडायचे नाही, हे मात्र तिला बजावून ठेवले आहे.

भगिनींनो, लग्नाच्या मुलीचे दुखणे बाहेर कळू नये म्हणून आपण झाकतो. सासरी सून लाजेने बोलत नाही. तिला आपणच विचारावे, "बाई गं, पोट बरे आहे ना?" आणि तपासणीला जायला तिला कोणी नसेल, तर आपल्यापैकी एकीने सोबत जावे. मंडळाने एवढे केले तरी पुष्कळ झाले.