शब्द आधीं, यंत्र मागाहून



पतपेढ्या, बाजार समित्या आणि सरकारी कचेऱ्या यांचें दप्तर आतां संगणकावर चढलें आहे. बीड जिल्ह्यांतील आमच्या घाटनांदूरसारख्या गांवींही कर्जाचा उतारा आणि जमिनीचा सातबारा यंत्रांतून छापून हातीं पडतात. हें काम करणारी जी आज्ञावली, जिला सर्वजण सॉफ्टवेअर म्हणतात, ती चांगली कशी घडवावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय यंत्राचा दिसतो. परंतु तो मुख्यतः शब्दांचा आहे, आणि शब्दाचा अर्थ ठरविण्यांत हयगय झाली तर तिचें मोल कोणा तरी खऱ्या माणसाला द्यावें लागतें, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

गणित शिकविणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतें कीं, मुलगा आकडेमोडींत क्वचितच अडतो. तो अडतो तो उदाहरण वाचण्यांत. संगणक आकडेमोड निमिषांत करतो. परंतु उदाहरणाचा अर्थ त्याला कोणी तरी आधीं समजावून द्यावा लागतो.

आपला रोजचा 'खातें' हा शब्द घ्या. तलाठ्याच्या दप्तरांत खातें म्हणजे एका खातेदाराच्या नांवें गांवांत असलेली सारी जमीन; गांव नमुना आठ-अ तेंच सांगतो. बँकेंत खातें म्हणजे ठेवीचा किंवा कर्जाचा हिशेब. दुकानदाराच्या खतावणींत तें गिऱ्हाइकाच्या नांवाचें पान असतें. आणि सरकारांत शिक्षण खातें, पाटबंधारे खातें अशी तीच कारभाराची शाखा होते. बोलतांना आपला घोटाळा होत नाहीं, कारण कोण कोठें बसून बोलत आहे हें ऐकणाराला दिसत असतें. यंत्राला तें दिसत नाहीं. बँकेची आज्ञावली तलाठ्याच्या आज्ञावलीस जोडली आणि दोहोंकडील 'खातें क्रमांक' एकच समजला, तर एकाची जमीन दुसऱ्याच्या कर्जापुढें उभी राहावयास वेळ लागणार नाहीं.

या अडचणीचा पद्धतशीर विचार एरिक इव्हान्स यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत केला. त्यांच्या पद्धतीला 'डोमेन ड्रिव्हन डिझाइन' म्हणतात. डोमेन म्हणजे कार्यक्षेत्र. ज्या धंद्यासाठीं आज्ञावली लिहावयाची, त्या धंद्याचें ज्ञान हाच तिचा पाया असावा, असा त्या नांवाचा अर्थ. तीत दोन सूत्रें मुख्य आहेत. पहिलें असें कीं, धंदा जाणणारा आणि आज्ञावली लिहिणारा या दोघांची भाषा एकच असावी. आडत्या 'तोलाई' म्हणत असेल तर आज्ञावलींतही तोलाईच असावी. लिहिणाऱ्यानें मनानें दुसरें नांव ठेवूं नये. दुसरें सूत्र सीमेचें. एका शब्दाचा साऱ्या जगांत एकच अर्थ करण्याचा हट्ट धरूं नये. प्रत्येक दप्तराची सीमा आंखावी, सीमेच्या आंत एका शब्दाला एकच अर्थ द्यावा, आणि सीमा ओलांडतांना दुभाषा ठेवावा.

हें विचारांत झालें. कृतींत उतरविण्यास 'ऑब्जेक्ट' या कल्पनेचा उपयोग होतो. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड या दोघां नॉर्वेजियन पंडितांनीं ऑस्लो येथें १९६० नंतरच्या दशकांत 'सिम्युला' नांवाची संगणकभाषा रचली, आणि या कल्पनेचा उगम तीत झाला. जुन्या रीतींत माहिती एका वहींत आणि नियम शंभर ठिकाणीं विखुरलेले असत. ऑब्जेक्टच्या रीतींत माहिती आणि तिला लागू होणारे नियम एकत्र नांदतात. पीककर्ज हा असा एक ऑब्जेक्ट मानला, तर मुद्दल, व्याजाचा दर आणि परतफेडीची तारीख त्याच्याजवळ असतेच. शिवाय 'तूं थकला आहेस काय?' या प्रश्नाचें उत्तरही तोच देतो.

याचा लाभ नियम बदलतांना कळतो. फळें आणि भाजीपाला यांवरील आडत शेतकऱ्याऐवजीं खरेदीदाराकडून घ्यावी, असें महाराष्ट्र शासनानें जुलै २०१६ मध्यें ठरविलें. ज्या आज्ञावलींत आडतीचा नियम एके ठिकाणीं असेल, तेथें एक जागा दुरुस्त केली कीं भागतें. ज्या आज्ञावलींत तो पट्टी छापण्याच्या भागांत एकदां, रोजकीर्दींत एकदां आणि महिन्याच्या गोषवाऱ्यांत पुन्हां लिहिला असेल, तेथें एखादी जागा हटकून राहून जाते, आणि तेवढ्या पट्टींत शेतकऱ्याची रक्कम कापली जाते.

मापांचेंही असेंच आहे. गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर, आणि आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. दोन्हीं मापें सख्ख्या बहिणींसारखीं दिसतात, पण एक नव्हत. पांच एकर म्हणजे २०० गुंठे. ते २०० आर म्हणून नोंदविले तर सुमारे २३४ चौरस मीटर, म्हणजे अडीच हजार चौरस फूट जमीन कागदावरून नाहींशी होते. तेवढ्यांत एक घर उभें राहतें! म्हणून नुसता आंकडा कधींही ठेवूं नये. आंकडा आणि त्याचें माप मिळून एक ऑब्जेक्ट करावा.

फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा. जाव्हा ही संगणकभाषा १९९५ सालीं प्रसिद्ध झाली, आणि तिच्यासाठीं रचलेला 'स्प्रिंग' हा सांगाडा २००४ सालीं पहिल्या पूर्ण स्वरूपांत बाहेर आला. माहिती सांठविणें, पडद्यावर दाखविणें, कोणाला काय पाहूं द्यावें हें सांभाळणें, हीं सर्व धंद्यांना सारखींच लागणारीं कामें असा सांगाडा करतो. वाड्याचे खांब आणि तुळया आयत्या मिळाल्या तर गवंड्याचे श्रम वांचतात. परंतु स्वयंपाकघर कोठें असावें हें तुळयांनीं ठरवावयाचें नसतें. सांगाड्याला सोयीचें म्हणून धंद्याचा नियम वांकविला, तर घर राहणाऱ्यासाठीं न राहतां तुळयांसाठीं राहतें.

शब्दाच्या अर्थावर किती अवलंबून असतें, याचें आपल्याच राज्यांतील मोठें उदाहरण २०१७ सालचें आहे. त्या जूनमध्यें छत्रपति शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. दीड लाख रुपयांपर्यंतचें थकीत कर्ज माफ व्हावयाचें होतें. अर्ज संगणकावरून मागविले, आणि बँकांकडून कर्जखात्यांची माहिती ६६ रकान्यांत घेतली. योजनेचा घटक कुटुंब हा होता, आणि कुटुंब म्हणजे पति, पत्नी व १८ वर्षांखालील मुलें. परंतु बँकेच्या वहींत कुटुंब नसतें, खातेदार असतो. आणि शिधापत्रिकेंत कुटुंब असतें तें बहुधा एका चुलीवर जेवणारें, त्यांत मिळवता मुलगाही येतो. 'थकीत' या शब्दाचेंही तसेंच. बँकेला कर्ज आज थकलें आहे काय, हें पाहावयाचें असतें. योजनेला तें ३० जून २०१६ रोजीं थकलेलें होतें काय, हें पाहावयाचें होतें. ऑक्टोबरांत निघालेल्या याद्यांत चुका आढळल्या, तपासणी पुन्हां करावी लागली, आणि पैसा पोंचण्यास विलंब झाला. पुढें २०१८ सालीं कुटुंबाऐवजीं व्यक्ति हा घटक धरण्यांत आला. सर्व दोष शब्दांचाच होता असें मी म्हणत नाहीं. परंतु तीन दप्तरांतील एकच शब्द तीन अर्थांचा असतां रकाने वाढवून मेळ बसत नाहीं, हें त्यावरून दिसतें.

डिसेंबर २०१९ मध्यें जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ति योजनेंत क्रम बदलला. अर्ज न मागवितां याद्या बँकांनींच द्याव्या. शेतकऱ्यानें आधार क्रमांकाची खूण पटवून आपल्या नांवापुढील रक्कम मान्य आहे कीं नाहीं तें सांगावें. मान्य नसल्यास तक्रार जिल्हा समितीकडे जावी, अशी पद्धति ठेवली. कर्जाची रक्कम कोणाची वही सांगणार आणि ती खरी म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हें तेथें आधीं ठरलें. सीमा आंखणें म्हणतात तें हेंच.

कोणी विचारील, लहान दुकानाला एवढा खटाटोप हवा काय? नको. साध्या विक्रीच्या हिशेबाला बाजारांतील तयार आज्ञावली पुरते. स्वतः इव्हान्सही हे परिश्रम गुंतागुंतीच्या आणि धंद्याच्या गाभ्याशीं असलेल्या कामांसाठींच सांगतात.

परंतु आपली पतपेढी, गृहनिर्माण संस्था किंवा कारखाना यांसाठीं आज्ञावली लिहावयास उद्यां कोणी तरुण आला, तर त्याला 'तुमचें तुम्ही पाहून घ्या' असें म्हणूं नका. जुन्या कारकुनाला त्याच्याजवळ बसवा. प्रत्येक शब्दाचा अर्थ, त्याचे अपवाद आणि त्याची सीमा यांची एक वही करा, आणि नियम बदलला कीं ती वहीही बदला. त्या तरुणानें 'सभासद म्हणजे नक्की कोण?' असें पुनःपुन्हां विचारलें तर कंटाळूं नका. जो प्रश्न टेबलाशीं विचारला गेला नाहीं, तो पुढें खिडकीशीं उभ्या असलेल्या माणसाला विचारला जातो. आणि त्याच्याजवळ त्याचें उत्तर नसतें.