शंभरातली ती सात मुलं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात १९९६ च्या दहावीच्या तुकडीतर्फे व्यक्त केलेलं मनोगत)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : "तू पुण्यात राहतेस, तुझी मुलगी तिकडं शिकते. तिकडच्या आणि आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांत काय फरक आहे, ते सांग." वर दहा मिनिटांत संपवायची ताकीदही दिली. सर समोर बसलेले असताना बेंबळीच्या शाळेची तुलना करायची म्हणजे पुन्हा तोंडी परीक्षाच आहे. तरी प्रयत्न करते.

फरक आहे, हे आधीच कबूल करते. आपण इंग्रजीची मुळाक्षरं पाचवीत गिरवली. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, तोवर आपण शाळेतून बाहेर पडलो होतो. आपल्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक एकच होता आणि कांद्याचा पापुद्रा बघायला सगळ्या वर्गाची रांग लागायची. माझा नंबर यायच्या आत तास संपला होता. संगणकाला मी पहिल्यांदा हात लावला तो इंजिनिअरिंगला गेल्यावर. माझ्या मुलीला हे सांगितलं तर तिला खरंच वाटत नाही.

पण हा फरक डोक्यातला नव्हे, इतिहासातला आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, आपलं मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं. मध्ये एकशे एक वर्षं गेली. पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ पासून आहे, तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय इंजिनिअरिंग कॉलेज १९६० चं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि वरचं शिक्षण घ्यायचं तर ते उर्दूतून, हैदराबादला जाऊन. ज्या घरात आजोबा शिकलेले असतात, तिथल्या नातवंडाला 'पुढं काय करायचं' हे कुणाला विचारावं लागत नाही. आपल्यातल्या बहुतेकांचे आईवडील निकालाच्या कागदावर अंगठा उठवणारे नाहीतर कशीबशी सही करणारे होते. त्या मुलांना दहावीपर्यंत आणणं हे काम आपल्या शिक्षकांनी केलं. पुण्यातल्या नामांकित शाळेवर ते काम येतच नाही.

दहावीनंतर मी लातूरला गेले. 'लातूर पॅटर्न'चा तेव्हा सगळीकडे बोलबाला होता. राजर्षी शाहू महाविद्यालयातून सुरू झालेल्या त्या पॅटर्नमध्ये जादू काही नव्हती. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग सराव परीक्षा, जुन्या प्रश्नपत्रिका, चुका दाखवायच्या आणि पुन्हा परीक्षा. खोलीवर राहून, खाणावळीत जेवून मी दोन वर्षं तेच केलं आणि त्याचा मला फायदा झाला. मात्र नोकरीत मला एक सवय लागली आहे. बाहेर काय आलं हे बघायच्या आधी आत काय घातलं होतं, ते बघायचं. लातूरला आम्ही आसपासच्या जिल्ह्यांतून निवडून गेलेली मुलं होतो. दहावीला नव्वद टक्के मिळवलेल्या मुलाला बारावीला नव्वद मिळाले, तर त्यात कॉलेजचा वाटा किती? बेंबळीच्या शाळेला निवड करता येत नव्हती. दारात येईल त्याला वर्गात घ्यावं लागे.

आता आकड्यांकडे वळते. लातूर बोर्डात लातूर, नांदेड आणि आपला धाराशिव जिल्हा येतो. २०२५ च्या दहावीत राज्यात २११ मुलांना शंभर टक्के मिळाले. त्यातली ११३ मुलं एकट्या लातूर विभागातली. २०२४ मध्ये १८७ पैकी १२३ आपल्याकडची होती. बेस्ट ऑफ फाइव्ह आणि कला-क्रीडेचे वाढीव गुण धरूनच हे शंभर टक्के होतात, तरीही ही कमाई मोठी आहे. आपण व्हॉट्सॲपवर फेटे बांधलेले फोटो पाठवले, मीही पाठवले.

पण त्याच २०२५ च्या निकालात लातूर विभाग ९२.७७ टक्क्यांवर होता. राज्याचा निकाल ९४.१० टक्के. नऊ विभागांत आपल्या खाली फक्त नागपूर. सगळ्यात वर कोकण, ९८.८२ टक्के, आणि तिथं शंभर टक्केवाली मुलं मोजकीच होती. म्हणजे राज्यातली निम्म्याहून जास्त शंभर टक्केवाली मुलं ज्या विभागात, त्याच विभागात शंभरातली सात मुलं दहावीलाच अडकतात. मग कोणता विभाग चांगला? शेंड्याकडे बघितलं तर आपला, बुंध्याकडे बघितलं तर कोकण.

वैद्यकीय प्रवेशातलं ७०:३० चं सूत्र २०२० मध्ये रद्द झालं, तेव्हा मराठवाड्याला आनंद झाला. तो रास्तच होता. जागा कमी असलेल्या भागातल्या मुलांवर त्या सूत्राने अन्याय होत होता. पण ते भांडण बारावीत वर आलेल्यांचं होतं. दहावीत अडकलेल्यांसाठी कुणी सूत्र मांडत नाही.

मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली माझ्या चुकीची. मी मराठवाड्यातल्याच कॉलेजातून २००२ साली इंजिनिअर झाले. आमच्याकडे मुलाखती घ्यायला कंपन्या फिरकल्या नाहीत. पुण्यात वर्षभर अर्ज घेऊन हिंडले. कॉलेजचं नाव वाचून अर्ज बाजूला ठेवला जातो, हे कळायला वेळ लागला नाही. खूप रडले. पुढे मीच मुलाखती घेणाऱ्यांत गेले. एकदा चारशे अर्ज आले आणि हाताशी दोन दिवस होते. मी कॉलेजच्या नावाने यादी लावली आणि वरचे चाळीस घेतले. रात्री घरी गेल्यावर लक्षात आलं की त्या यादीत माझा स्वतःचा अर्ज खालीच राहिला असता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना तासाभराचा एकच प्रश्न सोडवायला दिला, कॉलेजचा रकाना झाकून. निवडलेल्या नऊ जणांत चार जण माझ्या चाळिसांबाहेरचे होते. तेव्हापासून हीच पद्धत ठेवली आहे. पण त्याआधी किती जणांचे अर्ज मी नुसतं नाव वाचून बाजूला ठेवले, याचा हिशेब माझ्याकडे नाही.

दुसरी गोष्ट माझ्या बाकावरच्या मैत्रिणीची. ती आज इथं बसली आहे आणि तिला विचारूनच सांगते. भूमिती मला तिनं शिकवली. पायथागोरसचं प्रमेय सरांनी फळ्यावर सांगितलं ते कळलं नाही, तिनं मधल्या सुट्टीत मातीत काडीनं काढून दाखवलं ते कळलं. दहावीला तिला गणितात माझ्याहून जास्त मार्क होते. इंग्रजीत ती नापास झाली. ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म कुणी भरला नाही आणि दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. शाळेच्या फळ्यावर माझं नाव खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. मी त्या फळ्याखालून पेढे वाटत गेले आणि तिच्या घरी मात्र गेले नाही. काय बोलावं, ते कळत नव्हतं. इंग्रजीच्या एका पेपरासाठी कुणी महिनाभर तिच्याबरोबर बसलं असतं तर? मला येत होतं. मीसुद्धा बसले नाही.

सर, बाई, हा दोष शाळेचा नाही. तुम्ही एका वर्गात किती जणांना पुरणार होता? पण आता आपण पंचेचाळिशीची माणसं आहोत, हाताशी थोडा पैसा आहे, थोडा वेळ आहे.

आपल्या तुकडीनं शाळेला कमान बांधून द्यायची असं ठरतंय. कमानीला माझा विरोध नाही, वर्गणी देईनच. त्याबरोबर एक काम करू या. दहावीचा निकाल लागला की जी मुलं एक-दोन विषयांत राहिली असतील, त्यांची यादी मुख्याध्यापकांकडून घ्यायची. पुरवणी परीक्षेचे फॉर्म आपण भरायचे आणि परीक्षेपर्यंत शाळेतच इंग्रजी-गणिताचा वर्ग चालवायचा. गावात असलेल्यांनी संध्याकाळी बसायचं. गणिताचे रविवार माझे. पुण्याहून येईन, नाही जमलं तर व्हिडिओवर शिकवीन. मुलींच्या घरी मात्र कुणीतरी प्रत्यक्ष जायला हवं. ते काम माझ्या मैत्रिणीनं मागून घेतलंय. ती म्हणाली, "त्यांच्या आयांशी मीच बोलते. मला माहीत आहे काय सांगायचं ते."

पुढच्या मेळाव्यात कुणी विचारलं की बेंबळीची शाळा चांगली का पुण्याची, तर त्या यादीतली किती मुलं पास झाली, तेवढंच सांगू.

दहा मिनिटांच्या वर बोलले असेन तर सरांनी नेहमीसारखं बाकावर उभं करावं.