काचेखालचे ऊन



बाहेर ऊन मी म्हणत असताना मी आज आपल्याशी बोलणार आहे, ते ऊन खायला पैसे मोजणाऱ्या माणसांविषयी. आपण शेतावर डोक्याला टापर बांधून ऊन चुकवतो. ही माणसे मात्र मोठमोठ्या पर्यटन-बोटींवर, ज्यांना क्रूझ म्हणतात, आठ-दहा दिवस आरामखुर्चीत पडून असतात; पोहण्याच्या तलावाकाठी, अंगाला तेल चोपडून. आणि गंमत अशी, की यांतल्या पुष्कळ तलावांवर छप्पर असते. काचेचे छप्पर. आता छपराखाली ऊन कसले खायचे, असे आपण विचाराल. माझाही हाच प्रश्न होता. तो सहज पडलेला नाही. माझ्या एका विद्यार्थ्याची नोकरी त्यापायी जायची वेळ आली होती. पण ते पुढे सांगतो.

आधी हे छप्पर कुठून आले ते पाहू. पूर्वीच्या बोटींवर तलाव असलाच तर तो पोटात असे. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिकवर पोहण्याचा हौद होता, तो खालच्या मजल्यावर.  त्या काळच्या युरोपात गोरीपान कातडी ही श्रीमंतीची खूण होती. उन्हाने रापतो तो शेतमजूर किंवा खलाशी. पुढे मजूर कारखान्यांत आणि खाणींत गेला, तो पांढराफटक दिसू लागला. तेव्हा १९२०-३० च्या सुमारास तांबूस कातडी ही फुरसतीची खूण ठरली. माणसाच्या प्रतिष्ठेला रंगाशी काय देणेघेणे असावे, देव जाणे! पण ती अशी उलटीपालटी झाली खरी. मग बोटीवरचे तलाव वर उघड्या डेकवर आले. इटालियन लोकांनी व्हेनिसजवळच्या पुळणीवरून त्या जागेला ‘लिडो’ म्हटले, आणि अजूनही बोटीवर लिडो डेक असतो.

उघड्या डेकवर पाऊस येतो, गार वारा सुटतो. म्हणून सरकती काच आली. ‘क्वीन एलिझाबेथ टू’ या प्रसिद्ध इंग्रज बोटीच्या तलावावर १९८३-८४ च्या हिवाळ्यात असे सरकते छप्पर बसवले. २०२१ साली सेवेत आलेल्या ‘आयोना’वर तर बोटीच्या मध्यावर काचेचा भला मोठा घुमटच आहे, ती साउदॅम्पटनहून नॉर्वेच्या खाड्यांकडे जाते. बाहेर झिमझिम आणि आत हवा उबदार. माणसे पुस्तक छातीवर ठेवून झोपतात. सकाळी सातला येऊन खुर्च्यांवर पंचे टाकून जागा धरतात. आपण एस. टी. च्या खिडकीतून रुमाल टाकतो ना, तस्साच प्रकार! मग अर्धा-पाऊण तास कुणी फिरकले नाही तर नोकरांनी पंचा उचलायचा, असा पुष्कळ बोटींवर नियम आहे. आणि त्यावरून भांडणेही तशीच होतात.

हे मला सांगितले ते माझ्या त्या विद्यार्थ्याने. मुलगा वेंगुर्ल्याकडचा. कोकणातली आणि गोव्यातली शेकडो मुले अशा बोटींवर कामाला आहेत, हे आपल्याला ठाऊकच आहे. याचे काम काचेच्या छपराखालीच : खुर्च्या मांडायच्या, पंचे गोळा करायचे, सरबते नेऊन द्यायची. दिवसाचे नऊ-दहा तास, आठवड्याचे सातही दिवस, सलग आठ महिने. निजायची खोली खाली, बिनखिडकीची. गेल्या खेपेला सुटीवर आला तो कंबर धरून. जिना चढताना मांड्या दुखत, उकिडवे बसले तर उठवेना. आई म्हणाली, बोटीवरच्या गार हवेने वात धरलाय. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावले, तर ड जीवनसत्त्व फारच कमी निघाले. ते कमी पडले की हाडे आणि स्नायू असेच कुरकुरतात. आणि बोटीवरच्या माणसाला वैद्यकीय दाखला लागतो. त्याची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षे. याची मुदत संपत आलेली. दाखला मिळाला नाही तर पुढचा करार नाही, आणि घरावर तर कर्ज.

तो मला म्हणाला, “सर, डॉक्टर म्हणतात ऊन मिळत नाही. अहो, मी दिवसभर उन्हातच असतो की! घाम गळतो माझा.”

मी भूगोलाचा माणूस, वैद्य नव्हे. पण या वाक्यात जी गफलत आहे ती आपणा सर्वांची आहे, म्हणून ती नीट उलगडून सांगतो.

ऊन म्हणजे एकच एक वस्तू नव्हे. त्यात डोळ्यांना दिसणारा उजेड आहे. कातडीला ऊब देणारे अवरक्त किरण आहेत. आणि न दिसणारे, न जाणवणारे अतिनील किरण आहेत. जुन्या शालेय पुस्तकांत त्यांना जंबुपार म्हणत. या अतिनीलांचे पुन्हा दोन भाऊ जमिनीपर्यंत पोचतात. धाकटा, आखूड लहरींचा, त्याला ‘ब’ म्हणू. कातडीत ड जीवनसत्त्व तयार करतो तो हाच, आणि कातडी भाजून लाल करतो तोही मुख्यतः हाच. थोरला, लांब लहरींचा, तो ‘अ’. तो जीवनसत्त्व देत नाही, पण कातडीत खोल शिरतो आणि सुरकुत्या पाडतो. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनीलांत ९५ टक्के हा थोरलाच असतो.

आता काच आडवी आली म्हणजे काय होते? खिडकीची साधी काच धाकट्याला जवळजवळ सगळा अडवते आणि थोरल्याला बराचसा आत सोडते. दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून जोडलेली काच असते, मोटारीच्या समोरच्या काचेसारखी. ती दोघांनाही अडवते. डोक्यावरच्या मोठ्या छपराला बहुधा अशीच काच घालतात, तडकली तरी तुकडे खाली पडू नयेत म्हणून. उजेड आणि ऊब मात्र दोन्ही काचांतून खुशाल आत येतात. म्हणजे घाम येतो, डोळे दिपतात, आणि ज्याला जीवनसत्त्व म्हणायचे त्याचा पत्ता नाही. आठ महिने हा मुलगा उजेडात होता, उबेत होता; ज्या उन्हाची शरीराला गरज, त्या उन्हात नव्हता.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे मुलांना दाखवायला प्रयोगशाळा नको. शिक्षकांच्या खोलीत कुणाचा तरी उन्हात काळा होणारा चष्मा असतोच. तो पटांगणात धरा, मिनिटभरात काळा होईल. वर्गाच्या बंद खिडकीच्या काचेआड उन्हात धरा, थोडाफार होईल. मग एस. टी. च्या ड्रायव्हरकाकांना विनंती करून समोरच्या काचेआड धरा : ऊन तेवढेच लख्ख, पण चष्मा पांढराच्या पांढरा! तो चष्मा काळा होतो अतिनीलांनी, उजेडाने नव्हे.

आणि थोरला भाऊ निरुपद्रवी आहे असे समजू नका. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या साप्ताहिकात ६९ वर्षांच्या एका ट्रक ड्रायव्हरचे छायाचित्र आले होते. अठ्ठावीस वर्षे गाडी हाकलेली. चेहऱ्याची उजवी बाजू वयाला साजेशी. डावी बाजू मात्र जाड, सुरकुतलेली, जणू दुसऱ्याच म्हाताऱ्याची. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो, आणि बाजूच्या खिडकीची काच ‘अ’ किरणांना अडवत नाही. आपल्याकडे उजवी बाजू सांभाळायला हवी.

बोटीवर आणखी एक फसगत होते. हवा निवळली की छप्पर सरकवतात. काचेखाली चार दिवस पडून ज्यांचा रंग बदललेला नसतो, ते तसेच झोपून राहतात. बोट चालती, त्यामुळे वारा लागतो, अंग तापत नाही. पण अतिनील किरण ऊब देतच नाहीत. त्यांना वाऱ्याशी काय कर्तव्य! संध्याकाळी हेच उतारू लालबुंद होऊन दवाखान्यापुढे रांग लावतात. पातळ ढगांतूनही हे किरण बरेचसे खाली येतात, आणि अर्धा मीटर पाण्याखालीसुद्धा वरच्या ४० टक्के असतात.

आपल्या घरातही ही काच आलेली आहे, बरं का. बाळंतिणीच्या खोलीत तेल लावलेले बाळ कोवळ्या उन्हात धरायची आपली जुनी रीत. शहरात सून फ्लॅटची सरकती काच बंद करून आत धरते, वारा नको म्हणून. त्यातून ऊब मिळते, ड जीवनसत्त्व नाही. खरे सांगायचे तर सकाळच्या अगदी कोवळ्या उन्हातही ‘ब’ किरण फार थोडे असतात. म्हणून बाळाला डॉक्टर थेंब देतात, ते चुकवू नयेत; भर दुपारी तान्ह्याला उन्हात ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. मोठ्यांसाठी खूण सोपी आहे : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, की जीवनसत्त्व देणारे ऊन आले. सावळ्या कातडीला ते जास्त वेळ लागते. लांब सावलीत बसले तर मुख्यतः ऊबच पदरात पडते.

त्या मुलाला मी हीच सावलीची खूण सांगितली. तो म्हणाला, “पण सर, नॉर्वेत ऊन कुठले हो?” मग आम्ही दोघे कागद घेऊन बसलो. नॉर्वेच्या ज्या खाड्यांत त्याची बोट जाते त्या सुमारे ६२ अक्षांशावर. जूनमध्ये भर दुपारी तिथे सूर्य क्षितिजापासून ५१ अंश वर असतो. आणि वेंगुर्ल्यात डिसेंबरच्या दुपारी? तिथेही ५१ अंशांच्या आसपासच! त्याचा विश्वास बसेना. आपल्या आंगणातली मार्गशीर्षातली दुपार त्याला उन्हाळ्यात नॉर्वेत मिळत होती, फक्त ती काचेच्या पलीकडे होती. एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरच्या अखेरीस मात्र तिथे सावली लांबच राहते, तेव्हा औषधावर भिस्त.

डॉक्टरांच्या औषधाने तीन महिन्यांत त्याचा जिना सुटा झाला. दाखला मिळाला. जाण्याआधी भेटायला आला तेव्हा आईने दिलेले कोकम आगळ घेऊन आला होता. बोटीच्या नाळेकडे नोकरमाणसांसाठी एक उघडा डेक असतो. पूर्वी जेवणाच्या सुटीत तो खालच्या खोलीत जाऊन झोपत असे. जूनच्या मध्यावर त्याचा फोटो आला. त्यात चेहरा नव्हता. लोखंडी डेकवर पडलेली त्याची सावली होती, आणि सावलीच्या टोकाशी ठेवलेली त्याची टोपी. खाली लिहिले होते, “सर, मोजली. माझ्यापेक्षा एक वीत आखूड.”