वीट, रांजण आणि जातं
(चारकोप येथे नव्या घराच्या वास्तुशांतीनिमित्त झालेलं कीर्तन, ध्वनिमुद्रणावरून)



वास्तुशांत झाली. तोरण लागलं, नारळ फुटला, पुरणपोळी झाली. उद्या पाव्हणे आपापल्या गावी जातील आणि मग या घरात खरंखुरं राहायचं आहे. बिऱ्हाड टेम्पोतून एका दिवसात येतं, मंडळी. घर मात्र मागून येतं. कुणाकडे सहा महिन्यांनी येतं, कुणाकडे दहा वर्षांनी. आणि काही ठिकाणी कर्जाचे हप्ते संपतात, तरी ते दाराबाहेरच उभं असतं!

आता तुम्ही म्हणाल, बुवा आता विरक्ती सांगणार. नाही हो. गॅस पाहिजे, फ्रीज पाहिजे, कंबर धरलेल्या आईला चांगली गादी पाहिजे. संसारात वस्तू लागतातच. विचारायचं ते एवढंच, की कोणती वस्तू आधी आणि ती कुणासाठी?

तुमच्यातल्या कितीतरी जणांनी वारी केली आहे. दिंडी मुक्कामाला पोचते तेव्हा काय असतं? उघडं रान. चिखल असतो, वर पाऊस असतो. तासाभरात राहुट्या उभ्या राहतात, कुणी पाणी आणतं, कुणी चूल पेटवतं, कुणी म्हातारीचे पाय चेपतं. पंगत बसते आणि त्या रानात घर होतं! ना सोफा, ना कपाट. मग असं का, की रानात तासाभरात होणारं घर फ्लॅटमध्ये व्हायला वर्षं लागतात? राहुटीत प्रत्येक हात दुसऱ्यासाठी हलत असतो, म्हणून.

आता आपल्या देवाचं घर पाहा. पुंडलिकाच्या दारी पांडुरंग आला. पुंडलीक आईवडिलांची सेवा करत होता. साक्षात भगवंत दारात उभा! तुमच्याआमच्याकडे साधा साहेब आला तर आपण चादर बदलतो, कप बदलतो. पुंडलीक उठला नाही. हाताला वीट लागली, ती पुढे टाकली. म्हणाला, यावर थांब, माझं काम होऊ दे. देवाच्या संसारातलं पहिलं सामान ते. एक वीट! अजून बदललेली नाही.

पैठणला जा. एकनाथ महाराजांच्या वाड्यातला रांजण दाखवतात. श्रीखंड्याच्या रूपानं देवानं बारा वर्षं नाथांच्या घरी पाणी भरलं, अशी आपली श्रद्धा आहे. नाथषष्ठीच्या उत्सवात आजही तो रांजण भरतात. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जा. तिथं जनाबाईचं जातं दाखवतात. नामदेवांच्या घरी राबणारी पोरकी जनाबाई दळायला बसली, की देव खुंट्याला हात लावायचा.

वीट, रांजण, जातं. संतांच्या घरातल्या या तीन वस्तू आपण डोकं टेकवून पाहतो. यातली शोभेची कोणती? एकही नाही. तिन्ही कुणाच्या तरी सेवेला लागल्या म्हणून पावन झाल्या. वस्तूचं मोल दुकानात लावलेलं असतं, तिचं पुण्य घरात लागतं. आलं लक्षात?

(विठ्ठल विठ्ठल — नामगजर)

पुराणातलं कशाला, तुम्ही बसला आहात ते चारकोपच पाहा ना. 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी विकास प्रकल्प आला आणि खाडीच्या बाजूच्या या जमिनीवर म्हाडानं लहान लहान भूखंड आखले. बांधून तयार घर हातात दिलं नाही. जागा दिली, पाणी, गटार, रस्ता दिला. साधारण पस्तीस कुटुंबांची एक सोसायटी, मध्ये सगळ्यांचं मिळून एक अंगण. घर ज्याचं त्यानं बांधायचं, ऐपतीप्रमाणे. कुणी आधी एक खोली केली. बोनस आला तेव्हा लादी बसली. मुलगा मोठा झाला, वर मजला चढला. आज तुम्हाला इथं उंच टॉवर दिसतात, पण सेक्टरांच्या गल्ल्यांतून फिरलात तर ती बैठी आणि एकदोन मजली घरं अजून दिसतील. हे अख्खं उपनगर हळूहळू घर झालं, मायबापहो. आखणाऱ्यांनी अंगण आधी ठेवलं, हे विसरू नका. खोल्या नंतर वाढल्या, चार माणसांनी जमायची जागा आधी होती.

आता एका घराची गोष्ट सांगतो. नावगाव विचारू नका, कारण हे घर प्रत्येक गल्लीत आहे. चाळीतून मुलगा-सून नव्या फ्लॅटमध्ये आली. सगळं एकदम करून घेतलं. छताला नक्षी, भिंतीला टीव्हीचं कपाट, त्याला साजेसा सोफा. सगळं हप्त्यावर. आईची स्टीलची भांडी, लग्नात मिळालेली, देणाऱ्याचं नाव कोरलेली, ती गेली माळ्यावर. आईचा पाट गेला गॅलरीत. म्हातारी चार दिवस पलंगाच्या कडेला बसून होती. पाचव्या दिवशी मुलाला म्हणाली, “बाळा, सगळ्याला जागा केलीस. मी कुठं बसू?”

मुलाला उत्तर सुचेना. सुनेनं ऐकलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीजवळचं शोभेचं टेबल हलवलं, तिथं आईचा पाट मांडला, माळ्यावरची परात काढली आणि मेथीची जुडी पुढ्यात ठेवली. “आई, एवढी निवडून द्याल?” झालं! म्हातारीचे हात चालू लागले. परातीवर मावशीचं नाव होतं, ती नातवाला मावशीची गोष्ट सांगू लागली. आठ दिवसांनी समोरच्या घरातल्या आजी आपली भाजी घेऊन तिथंच येऊन बसल्या. बंद असणारं दार दुपारी उघडं राहू लागलं. छताच्या नक्षीचे हप्ते अजून चालू आहेत, पण घर आलं ते पाटावरून आलं!

(जय जय विठोबा रखुमाई)

म्हणून नव्या घरात राहायला जाणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. घाई करू नका. आधी महिनाभर नुसतं राहा. सकाळचं ऊन कुठं पडतं, वारा कुठून येतो, वडील रात्री उठतात तेव्हा कुठं अडखळतात, लेकरू अभ्यासाला आपणहून कुठं बसतं, हे बघा. मग वस्तू आणा. दसऱ्याला एक, पाडव्याला एक. प्रत्येक वस्तू आणताना विचारा, ही कुणाच्या उपयोगाला पडणार? उत्तर ‘पाव्हण्यांना दाखवायला’ असं आलं, तर अजून थोडं थांबा. देव्हारा मांडाल, तिथं घरातला प्रत्येक जण दिवसातून एकदा तरी दोन मिनिटं बसेल एवढी जागा सोडा. गॅलरीत एक तुळस लावा, आणि पाणी कुणी घालायचं ते ठरवताना सर्वांत लहानाला विचारा. आणि ज्यांनी आपल्याला उभं केलं त्यांची बसायची जागा आधी ठरवा. सोफा नंतर आला तरी चालेल.

आणि ज्यांच्या घरात अजून काहीच नाही, नुसती चटई आणि दोन भांडी आहेत, त्यांनी मन लहान करू नये. दारात कुणी आलं तर चटईचं टोक पुढे सरकवा, तांब्याभर पाणी द्या. पांडुरंगाला एक वीट पुरली, पाव्हण्याला चटई पुरेल. तुमचं घर त्या क्षणी लागलं असं समजा.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!